दहा ओळी झाल्या की पलटायचं

ते हात जोडलेले इमोजी परत घ्या.

आज सकाळी पप्पांनी सोसायटीच्या ग्रुपवर आप्पांचा फोटो टाकला. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं.

फोटोखाली धडाधड हात जोडले गेले. "बहु शांत माणस हता," असं सेक्रेटरीभाईंनी लिहिलं.

होते ना शांत.
ती शांतता कुठून यायची हे तुम्हाला माहीत होतं. तिथेच तुम्ही कुलूप लावलंत.

ही पोस्ट वाचणाऱ्या माझ्या फ्रेंड्सना यातलं काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आप्पा सुरतेत, उधन्याच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आठवड्याचे सहा दिवस, बारा तासांची पाळी. जेवण उभ्याने, चहा एका घोटात, धागा तुटला की धाव.

सातवा दिवस त्यांचा.

उन्हाळ्यातल्या रविवारी चार वाजता गच्चीवर टाकीच्या सावलीत लोखंडी घमेलं. त्यात कोळसे, वर जाळी, जाळीवर बोकडाची अख्खी मांडी. आदल्या दिवसापासून दही, लसूण आणि आमच्या खानदेशी काळ्या मसाल्यात मुरलेली. कोळसे राखेत अर्धे झाकलेले. जाळ दिसला की आप्पांच्या कपाळाला आठी. जेवण नऊला.

"आप्पा, झालं का?"
"तुले कोन्ती गाडी पकडनी शे?"

शाळेत नाव घालायच्या आधी मी अक्षरं तिथेच शिकले. विझलेल्या कोळशाने, गच्चीच्या फरशीवर. पुढे शाळा गुजराती मिडियमची. तुम्ही हे जे मराठी वाचताय, ते त्या फरशीवरचं आहे.

आप्पा रविवारी घड्याळ काढून ठेवायचे. माझ्या दहा ओळी झाल्या की मांडी पलटायची, असा नियम.

मी भुकेपोटी भराभर गिरवायचे. ते वाकून बघायचे आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायचे.
"घाईनं अक्षर शे. परत काढ."

तीन वर्षांपूर्वी तक्रार आली.

चौथ्या मजल्यावरच्या बाळाला खोकला होता आणि धूर त्यांच्या खिडकीत जायचा. हे खरं होतं. वाळत घातलेल्या चादरींना वास लागायचा. हेही खरं. जे खरं आहे ते मी नाकारणार नाही.

पण मीटिंगमध्ये "मटणाच्या वासाने बिल्डिंगचं नाव खराब होतं" असं बोलणारे आमच्याच धुळ्याकडचे होते. आप्पांच्या जाळीवरचं बोटं चाटून जेवलेले.

पप्पा माझ्या शेजारी बसून मान डोलावत होते. घरी आल्यावर म्हणाले, "आपल्याला इथे राहायचंय."

सेक्रेटरीभाई मला म्हणाले, "बेन, तमे तो भणेला छो. बे लाइन लखी आपो ने, हमणां बंध राखशुं."
तुम्ही शिकलेल्या, लिहून द्या, सध्या बंद ठेवू. दोन ओळी. त्यांनी एवढंच मागितलं होतं.

आणि मी, जी साधा फॉर्मसुद्धा तीनदा तपासते, मी कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून लिहिलं, "यापुढे कधीही गच्चीवर शेगडी पेटवणार नाही."

चांगल्या गुजरातीत. चार मिनिटांत.

आप्पांना गुजराती वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "कितला दिन?"
मी म्हणाले, "थोडे दिवस."

त्यांनी कागद हातात धरून नुसता पाहिला.
"अक्षर घाईनं शे," म्हणाले, आणि सही केली.

बाळ बरं झालं. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा कोळशाची पिशवी घेऊन वर गेले, तर गच्चीला कुलूप. सेक्रेटरीभाईंनी कागद काढून दाखवला. "काका, तमे ज लखी आप्युं छे. कदी नहीं."

आप्पा खाली आले. पिशवी बाल्कनीत ठेवली. मला एक शब्द बोलले नाहीत.
बोलायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या.

मग त्यांनी रविवारचीही पाळी घेतली. "घरमा बशीसन काय करू?"

वर्षभर सातही दिवस. गेल्या वर्षी आजच्या तारखेला, रविवारी दुपारी, चालू लूमसमोर ते खाली बसले. उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास जुना असणार. म्हणून त्या कागदामुळे ते गेले असं मी लिहिणार नाही.

पण शेवटच्या वर्षातला एकेक रविवार आपण त्यांच्याकडून काढून घेतला, हे लिहीन. त्या 'आपण'मध्ये पहिली मी.

आज मी सुट्टी टाकली. आधी चौथ्या मजल्यावर गेले आणि बाळाच्या आईला विचारलं, शेगडी पेटवू का?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पेटव ना. टाकीच्या पलीकडे ठेव, म्हणजे धूर इकडे येत नाही. तेव्हाही मला एवढंच हवं होतं. कुणी विचारलंच नाही."

टाकीच्या पलीकडे.
दहा पावलं.
एवढ्या मोठ्या मीटिंगमध्ये ती दहा पावलं कुणाला सुचली नाहीत. मला, भणेलीला, सुचली नाहीत.

मग सेक्रेटरीभाईंकडे किल्ली मागितली. कशाला हवी तेही सांगितलं. ते काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "एमां सही काकानी छे, पण वचन मारुं हतुं. हुं तोडुं छुं." सही त्यांची असेल, वचन माझं होतं आणि मी ते मोडतेय.

त्यांनी किल्ली दिली. शिवाय विचारलं, सोसायटीच्या बोर्डासाठी श्रद्धांजलीच्या दोन ओळी लिहून द्याल का?

नाही. दोन ओळी एकदा दिल्यात.

चार वाजता मांडी ठेवली आणि शेजारी बसून हे लिहितेय. पप्पा मघाशी वर आले. त्यांचे डोळे लाल, धुराने म्हणाले. धूर पलीकडे जात होता.
"झालं का?" त्यांनी विचारलं.
मी म्हणाले, "तुम्हाला कोणती गाडी पकडायची आहे?"
ते खाली गेले नाहीत. टाकीला टेकून बसलेत.

आप्पा, दहापेक्षा जास्त ओळी झाल्या. या सावकाश काढल्यात. पुसू नका.

आता पलटते.

नमस्कार, आप्पा.