शोभेल असा शब्द

सगळ्या गावात कागद लिहिणारा मी एकटा. पंतोजीच्या हाताखाली दोन पावसाळे बसलो, तेवढीच माझी शाळा. पण तिचा ताठा मोठा होता, आणि तो आजही गेलेला नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस. समुद्रापलीकडे कुठे लढाई चालली आहे म्हणत, आणि इकडे अकोल्या-अमरावतीचे व्यापारी उभं पीक पाहूनच भाव बोलत. आमच्या गावात वेचणाऱ्या बायांची टोळी होती. तिची म्होरकी माझ्या नात्यातली वहिनी. पहिल्या वेचणीला कपाशीला दहीभात वाहायचा मान तिचा.

त्या साली एका व्यापाऱ्याच्या माणसाने भरदुपारी कापसाच्या गंजीआड तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द लिहिताना आज हात थांबत नाही. तेव्हा थांबला.

तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन माझ्या ओसरीवर आली. ठाण्यात द्यायला अर्जी हवी होती. नवरा मान खाली घालून बसला. तीच बोलली, उभ्याने, काही न गाळता. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं : अमक्या इसमाचे हातून माझी अब्रू गेली.

“गेली? कुठं गेली?” ती म्हणाली. “मी काय हरवून आली काय, भाऊजी? मी नाई म्हनत होती, वरडत होती. त्यानं जबरी केली, थे लिवा.”

“वयनी, हा कागद चार मानसं वाचतीन. बाईच्या नावानं असा शब्द शोभत नाई.”

“त्याले करताना शोभलं, अन् तुमाले लिवाले शोभत नाई?”

नवरा पुटपुटला, “लिवून टाक ना बाप्पा, थे म्हन्ते तसं.”

झालं, माझं डोकं फिरलं. “लिवनारा मी हाव का तुमी? पटत नसन त दुसरा पाहा.”

दुसरा नव्हताच. तिने शाईत अंगठा बुडवला.

अकोल्याच्या ठाण्यात अंमलदाराने कागद दोनदा वाचला. यात जबरी कुठे आहे, म्हणाला. तिने तोंडाने सारं सांगितलं, तर हे तुला मागाहून कोणी शिकवलं, असं उलट विचारलं. मी दाराशीच उभा होतो. लिहिणं माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. चारचौघांत जीभ उचलली नाही. तो माणूस सुटला, आणि आठवड्यात पुन्हा आमच्याच शिवारात कापूस पाहत फिरला.

कागद गावात कोणी वाचला नव्हता, पण त्यातला शब्द गावात आला. पुढच्या हंगामात, पहिल्या वेचणीला, बायांनी तिच्या हातून दहीभाताचा वाडगा काढून घेतला. “अब्रू गेलेलीनं कपाशीले हात लावू नये,” एक म्हातारी म्हणाली. चार दिवसांनी नवराबायको गाडीत भांडी भरून मूर्तिजापूरकडे निघून गेले. गाडी माझ्या दारावरून गेली. तिने पाहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी माझी लेक बाजाराहून आली आणि म्हणाली, “बाबा, आज थे अब्रू गेलेली दिसली, मूर्तिजापूरची.” लेकीला तिचं दुसरं नावच माहीत नव्हतं.

“तिची अब्रू नाई गेली. एका मानसानं तिच्यावर जबरी केली. म्हन तसं.”

“घरात असं काहून बोलता, बाबा?”

“म्हन!”

ती तोंडाला पदर लावून आत गेली.

तो शब्द लिहिला कोणी, हे मात्र मी तिलाही सांगितलं नाही. इथे लिहितो. मी लिहिला.