गिरजाबाईची गाठींची दोरी

सावली तालुक्याकडच्या आमच्या गावात कुजबुज होती, की गिरजाबाईनं सुनेच्या अंगातलं भूत दोरीत बांधून आढ्याला टांगलं. शेजारच्या इंदिराबाईनं कुडातून पाहिलं होतं म्हणे. खोटं काऊन बोलू, दोन गावांत ती बातमी मीच पोचवली.

झालं असं. बाप वारल्यावर गिरजाबाईची सून सत्यशीला चार रात्री झोपली नाही. पाचव्या सकाळी तळ्याशी भांडू लागली. तळं आपल्याला नाव घेऊन बोलावतं म्हणायची, जेवणात विष आहे म्हणायची. तिचा नवरा सुरज घाबरला. ही जन्माची गेली, हिला माहेरी सोडतो आणि दुसरी पाहतो, असं त्यानं चारचौघांत सांगूनही टाकलं.

हे सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी सासूच तिला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण आजाराचं नाव सांगेनात.

"दोन आजार सुरुवातीला सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या आत पुरती पहिल्यासारखी झाली, तर हा थोड्या दिवसांचा. रेंगाळला, तर स्किझोफ्रेनिया असू शकतो. आज सांगणं घाईचं होईल. रोज कशी असते, ते लिहून आणा."

घरी येऊन गिरजाबाईनं लेकाला एवढंच म्हटलं, "महिनाभर तोंड बंद ठेव. मंग तुले वाटंल ते कर."

आणि जन्मभर जाळी विणलेल्या त्या बोटांनी जाळ्याचं सूत घेतलं. मागचे चार दिवस आठवून चार गाठी मारल्या. पुढं रोज सांजेला एक, आणि दोरी परत आढ्याला टांगायची. सून एकटीच बडबडली तर करकचून दुहेरी, नीट राहिली तर साधी. आजाराच्या बाराव्या दिवशी सुनेनं तिच्या हातातलं जाळं ओढून घेतलं.

"आत्याबाई, इथी ढिलं राह्यलं," म्हणाली, आणि स्वतः विणत बसली. सासूनं त्या सांजेला पहिली साधी गाठ मारली.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी ती दोरी टेबलावर पसरली, बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून मोजल्या. मग सत्यशीलेशी तासभर बोलून त्यांनी कागदावर थोड्या दिवसांचा आजार लिहिला. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, वर्षभर दाखवत राहायचं, पुन्हा येऊही शकतो, हेही बजावलं. सुरज खाली मान घालून बायकोची पिशवी उचलून चालला. पुढं त्यांच्या घरी मी दोन्ही पाहिलं; असा कागद आधी कुणाचा पाहिला नव्हता, दोरीही नाही.

दोरीत तीस गाठी होत्या, अकरा दुहेरी आणि एकोणीस साध्या. गिरजाबाईला लिहिता येत नव्हतं.