आईचं न ऐकता बसवलेलं ग्रॅनाइट

मंडळी, सकाळपासून मन लागेना, म्हणून लिहितोय.

कडा गावात घर बांधलं तेव्हा आई म्हणाली होती, "शहाबादी फरशीच टाक बाबा, ती पाय धरती." पण मला आमच्या सहकारी कारखान्याच्या गेस्ट हाऊससारखं चकचकीत ग्रॅनाइट हवं होतं. तेच बसवलं.

आज टँकर आला. आई कमरेवर घागर घेऊन मागच्या दारानं आत आली आणि भिंतीला हात लावून हळूहळू सरकत निघाली. प्रत्येक दुष्काळात विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन झपझप येणारी बाई ती.

"आई, अशी का गं चालतीस?"

"पानी सांडलं की पाय सटकतो रं. दोनदा पडले. तू लई हौसेनं बसवलंस, म्हून बोलले न्हाई."

दोनदा पडली, आणि मला पत्ताच नाही. मी घागर घेतली, पण तिच्याकडं बघवेना. दुपारी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाट अंथरलं.

ग्रॅनाइट घासून खरबरीत करता येतं का? कुणी करून घेतलंय का? नसेल होत, तर उखडून शहाबादी टाकायची माझी तयारी आहे.

आई म्हणते, "राहू दे, आता भिंतीची सवय झाली."