चिंचेखाली कोणी नव्हतं

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी जेवायला बसलो होतो. फोनवर त्याचे चुलते अण्णा होते. ‘झोपेतच गेला,’ ते म्हणाले. आणि मग आवाज उतरवून, ‘शेवटी धरलंच त्या चिंचेनं.’ त्या चिंचेविषयी बोलण्याचा अधिकार मी फार पूर्वीच गमावला होता... तो कसा, हे सांगण्यासाठी इतक्या आठवड्यांनी लिहायला बसलो आहे.

दिनकर चांदवडच्या कांदा बाजारात मापारी होता. शाळेपासूनचा माझा मित्र. मी सुट्टीत गेलो की आम्ही दोघे मळ्याच्या कडेला बसून पीत असू. मी दोन पेल्यांवर थांबे, तो थांबत नसे. अशाच एका दुपारी तो वाटेवरच्या चिंचेखाली कोसळला. मी त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. शालिनीवहिनी दारातच होत्या. ‘काय झालं हो भाऊजी?’ माझ्या तोंडाला वास येत होता, म्हणून मी दोन हात लांब उभा राहून म्हणालो, ‘चिंचेखाली काहीतरी दिसलं त्याला. घाबरून पडला.’

वाक्य एवढंच, पण त्या घराला ते हवंच होतं. पुढे त्याचं प्रत्येक पिणं चिंचेच्या नावावर गेलं. वहिनी दर अमावास्येला तिथे नारळ वाहू लागल्या. सर्वांत विलक्षण म्हणजे दिनकरला खरोखरच कोणीतरी दिसू लागलं. ‘माझ्याच उंचीचा हाय,’ तो सांगे, ‘पाठमोरा उभा ऱ्हातो. तोंड दाखवत नाय.’ ती गोष्ट मीच रचलेली होती, तरी त्या वाटेने जाताना मीही तिकडे पाहण्याचं टाळू लागलो.

अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, तो मला त्या झाडाशी घेऊन गेला. पान हलत नव्हतं. त्याने बुंध्याला सावकाश एक फेरी घातली आणि परत येऊन म्हणाला, ‘आज पुढून पाहिला, अरू.’

‘कोण होता?’

‘मीच.’

तो हसत होता. कोणी परका निघाला असता, तर मी इतका भ्यालो नसतो. ‘पेला मी उचलत होतो,’ तो म्हणाला, ‘चिंच कशाला उचलंल? तू म्हणालास ते मला लय सोयीचं पडलं, येवढंच.’ मी वहिनींची क्षमा मागण्याविषयी काही पुटपुटलो. ‘तुझं तू बघ. माझ्यात मिसळू नको.’

त्यानंतर तो प्यायला नाही. सगळं आपलंच होतं, हे त्याने वहिनींना सांगितलं; त्यांना वाटलं, हेही त्याच्या आतलं तेच बोलतंय. त्यांनी नारळ दोन केले. माझं नाव मात्र त्याने कधी घेतलं नाही. मी जात राहिलो, चहा पीत राहिलो... शब्द ओठांशी येऊन परतत राहिले.

दशक्रियेला गोदावरीकाठी पिंड मांडला. भिंतीवर कावळे ओळीने बसले होते. एकही खाली उतरेना. वचनं देऊन झाली. मग अण्णांनी पिशवीतून क्वार्टर काढली. ‘याच्यातच जीव अडकलाय त्याचा. जिता असताना सोडली म्हणून मेल्यावरबी उपाशी ठेवता काय?’ कोणी अडवलं नाही. झाकण फिरलं. त्या एका धारेने त्याची अकरा वर्षं पुसली जाणार होती आणि सगळ्यांना ते प्रेमच वाटत होतं.

मी अण्णांचं मनगट धरलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ‘चिंचेखाली काही नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघे प्यायलो होतो. दिसल्याचं मी खोटं सांगितलं. पिणं त्याचं होतं, सोडणंही त्याचंच. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.’

अण्णांनी झाकण लावून बाटली पिशवीत टाकली. वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘मग भाऊजी,’ त्यांनी विचारलं, ‘इतकी वर्षं मी नारळ वाहत होते, ते कोणाला?’

‘माझ्या खोट्याला,’ मी म्हणालो.

त्यांनी मान फिरवली. कावळे तसेच बसून होते, आमच्याकडे पाहत. ऊन चढलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.