हात दाखव!

काल बऱ्याच वर्षांनी आमच्या गावच्या वाचनालयात गेले. बालविभागात एक छोटी मुलगी कैरीची फोड चघळत आली आणि पुस्तकाला हात लावण्याआधी तिने दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

मला एकदम आमच्या ग्रंथपाल बाई आठवल्या. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं दाराशी रांग लावायचो आणि बाई म्हणायच्या, "हात दाखव!" आधी तळवे, मग उलटे करून नखं. एवढ्यानं भागायचं नाही. बाई चक्क हातांचा वास घ्यायच्या. "आंबा खाऊन आलीस ना? जा, नळावर जा." धावत जायचं, धावत यायचं आणि हात हवेत हलवून वाळवायचे, कारण ओल्या हातांनाही पुस्तक मिळत नसे. देवळात जाताना कधी मी इतके हात धुतले नाहीत.

काल कपाटात तेव्हाचं एक पुस्तक सापडलं. आत एका पानावर आंब्याचा पिवळा अंगठा उमटलेला. बाईंच्या तावडीतून हा कोण सुटला असेल? हसू आलं, आणि मग हेवा वाटला. इतक्या सुट्ट्या मी त्या खोलीत काढल्या, पण तिथल्या एकाही पानावर माझी खूण नाही.

"मला द्या ना ते," ती मुलगी शेजारी येऊन म्हणाली. तिच्या बोटांना अजून कैरीचं तिखटमीठ लागलेलं होतं.

मी पुस्तक तिच्या हातात दिलं.