गोड करून सांगू नका, जावई!

जगातल्या यच्चयावत मालकांना वठणीवर आणण्यासाठी देवाने माझ्या बायकोच्या मावशींना जन्माला घातलं, आणि त्यांची जीभ म्हणून मला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे ते पद मावससासूबाईंनी बळकावलं आहे. उभी हयात त्यांनी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचण्यात काढली. काम सुटलं, भांडण काही सुटलं नाही. कुठल्याही बाईची मजुरी मालकाने दाबली, की ती बाई मावशींच्या ओट्यावर, मावशी माझ्या दारात आणि मी कामगार खात्याच्या दफ्तरात! का, तर दफ्तराचा कारभार तेलुगूत आणि मी तेलुगू शाळेत मास्तर. मावशींना तेलुगू समजते सगळी, बोलता येत नाही. माझ्या किरकोळ रजा अशा परक्या मालकांपायी संपतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

बरं, लग्नकार्यात तरी गप्प बसावं! बाजारहत्नूरला माझ्या भाच्याची मंगलाष्टकं चालली होती आणि ह्या चुलीमागे भांडी घासणाऱ्या बायांना विचारत होत्या, "रोज किती ठरला? कोनासमोर ठरला?" आचारी घाबरून पळाला आणि वरण मला ढवळावं लागलं. जाता जाता त्यांनी बायांना धडाही दिला : "हाजिरीच्या चिठ्ठ्या फेकू नोका. एकली जाऊ नोका, संगं कामावरची बाई न्या. अन् अर्जीची पोच घेतल्याबिगर दफ्तराची पायरी उतरू नोका." एकदा कारकून पोचेवरच्या शिक्क्यासाठी "उद्या या" म्हणाला, तर मावशींनी तिथेच पायरीवर भाकरीचा डबा उघडला. अर्धी भाकर मला दिली. शिक्का मिळाला, पण माझ्या शाळेतले दोन पालक ते पाहून गेले.

साहेबांपुढे तर माझी शोभाच. मावशी म्हणणार, "त्या मालकाच्या डोयात मिरच्या घाला!" मी तेलुगूत सांगणार, "कृपया चौकशी व्हावी." की लगेच बरगडीत कोपर. "तुमी काऊन गोड करून सांगून राह्यले, जावई? म्या का म्हटलं अन् तुमी का सांगतलं?"

मागच्या हंगामात मावशींच्याच जुन्या जिनिंगमधली शांता आली. पुरुषांएवढंच काम, मजुरी मात्र कमी. काऊन, म्हणून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परतवून लावलं. घरात कमावणारी ती एकटी. आम्ही अर्जी दिली, बोलावणं आलं. मालक इस्त्रीच्या कपड्यांत येऊन साहेबांना म्हणाला, "बाई कामचुकार आहे, म्हणून काढली." साक्षीला येणार होत्या त्या बाया भीतीने आल्याच नाहीत. शांता पदर पिळत उभी. मग मावशी उठल्या. "सायेब..." म्हणाल्या आणि दम लागला. वर्षानुवर्षांची रुई छातीत बसलेली, खोकला थांबेना. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मला असा राग आला! "साहेब, हा माणूस तुमच्या तोंडावर खोटं बोलतोय," मी तेलुगूत म्हणालो. "शांताला कामचुकार म्हणून नाही, तोंड उघडलं म्हणून काढलं. या मावशींनाही याने जन्मभर पुरुषांपेक्षा कमी दिलं, आणि वर हा खोकला दिला. याला लाज कशी वाटत नाही ते विचारा!" कृपया वगैरे सगळं घरी राहिलं. साहेबांनी हाजिरीचं रजिस्टर मागवलं, आणि तोवर शांताला उद्यापासून कामावर घ्या, असं मालकाला दटावून सांगितलं.

पायऱ्या उतरताना मी कोपराची वाट पाहत होतो. शेवटी मीच विचारलं, "काही राहिलं का, मावशी?"

त्यांनी मान हलवली. मग एक मूठ दुसऱ्या तळहातावर आपटली. शिक्का! साहेबांनी आज जे सांगितलं त्याची लेखी पोच घ्यायची राहिली होती. मी कपाळावर हात मारला आणि परत वर गेलो.

पोच घेऊन आलो, तेव्हा मावशी पायरीवर बसून श्वास गोळा करत होत्या. मीही शेजारी बसलो. घाई कसली, रजा पूर्ण दिवसाची टाकली होती.