रंध्याच्या मशीनची तीन पानं

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी सकाळी बाबांच्या डाव्या पायाची पट्टी सोडली. मोठे डॉक्टर खाली वाकले, जखमेचा वास घेतला आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत म्हणाले, "गँग्रीन सुरू झालंय. पाऊल जाईल बहुतेक." मग बाबांकडे वळून मराठीत म्हणाले, "ठीक आहे. पाय हलवू नका."

गँग्रीन म्हणजे शरीराचा एखादा भाग जिवंत माणसाच्या अंगावरच मरून सडू लागणं. हा शब्द मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होता. मी खाटेच्या पायथ्याशी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. माझ्याकडे आणि आईकडे एकदा पाहून डॉक्टरांनी ठरवलं होतं, की इथं इंग्रजी कुणाला कळणार नाही. मीही सांगितलं नाही, की मला कळतं. आईनं विचारलं, "काय म्हनले वो?" मी म्हणाले, "काही नाही. ठीक आहे म्हणाले."

हे सगळं मी रागानं लिहिते आहे. दोन वर्षं झाली, राग गेलेला नाही. ज्यांच्या घरी विजेवर चालणारं सुतारकामाचं हत्यार आलं आहे, त्यांनी हे वाचावं आणि माझ्याबद्दल वाईट वाटून घेण्यात वेळ घालवू नये.

माझे बाबा अकोल्याचे सुतारकाम करणारे मिस्तरी. लाकूडकाम ते मूर्तिजापूरला, छोट्या रेल्वेच्या यार्डात शिकले. ज्या वर्षी ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्याच वर्षी त्यांनी मला अमरावतीला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. मी नऊ वर्षांची होते. शाळेनं मला इंग्रजी दिलं आणि माझा आवाज काढून घेतला. वसतिगृहात मी मराठी बोलले की शिक्षा व्हायची, आणि सुटीत घरी माझं मराठी ऐकून सगळे हसायचे. त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आले होते. त्याच महिन्यात एका ठेकेदारानं बाबांना शाळेच्या इमारतीच्या दारं-खिडक्यांचं काम दिलं. पावसाळ्याच्या आत ते व्हावं, म्हणून त्यानं मुंबईहून हातात धरायचा विजेचा रंधा आणवून दिला. विलायती. आपल्या रंध्यात पातं स्थिर असतं आणि हात पुढेमागे होतो. ह्यात तळाशी एक आडवा रूळ असतो, त्यावर दोन पाती बसवलेली असतात आणि तो रूळ डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगानं फिरतो. घराला लागून असलेल्या बाबांच्या कारखान्यातले लोक त्याला करंटचा रंधा म्हणू लागले.

यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. बाबा म्हणाले, "शालू, वाचून सांग सगळ्याईले."

संध्याकाळी काम थांबवून आठ माणसं भुशात बसली. मी दारात उभी राहिले. वायर कुठे लावायची, बटण कसं दाबायचं, पात्याची खोली कशी कमी-जास्त करायची, हे मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाप्पा! मिस्तरी, तुमची पोट्टी तं मडमेवानी वाचते!" सगळे हसले. बाबाही हसले, अभिमानानं. माझे कान तापले. पुढे तीन पानं होती. त्यांच्या डोक्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत "धोका" असं छापलेलं होतं.

"फुडं काय हाय?" बाबांनी विचारलं.

मी तिन्ही पानं एकदम उलटली. म्हणाले, "पुढं नेहमीचंच आहे. सांभाळून वापरा म्हणून."

"ते तं आमाले मालूम हाय," गणपतकाका म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. गणपतकाका पंधरा वर्षं बाबांबरोबर काम करत होते. हत्याराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे.

त्या तीन पानांत काय होतं, ते मी आता झोपेतही सांगू शकते. लाकूड भक्कम टेबलावर शिकंज्यात आवळूनच रंधा चालवा. लाकडात गाठ असेल तर यंत्र उसळून मागे येतं, म्हणून त्याच्या मागे शरीराचा कोणताही भाग ठेवू नका. बटण सोडल्यावरही पातं फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नका. पात्याला हात लावण्याआधी वायर काढा.

आमच्या कारखान्यात टेबल नव्हतं. आमच्याकडचा मिस्तरी जमिनीवर बसून काम करतो आणि लाकूड पायानं धरतो. फळीचं अलीकडचं टोक डाव्या पावलाखाली दाबलेलं, अंगठा कडेला अडकवलेला. बाबांचा तो अंगठा शिकंज्यासारखाच होता, रुंद आणि बाहेर वळलेला. पायाखालची फळी त्यांच्या हातून कधी हलली नाही. रंध्यात अडकलेला छिलका बोटानं काढावा आणि लाकूड पायानं धरावं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते सगळ्यांचं तसंच होतं.

यंत्र सुरू केल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी सागाच्या फळीत गाठ आली. यंत्र उसळलं आणि मागे आलं. मागे बाबांचा पाय होता.

मी घरात होते. यंत्राचा आवाज बदललेला मला ऐकू आला. धावत गेले तेव्हा गणपतकाकांनी वायर उपटली होती आणि पाती अजून फिरतच होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हाडापर्यंत सोलून निघाली होती. गणपतकाका दोन्ही मुठींनी जखमेत भुसा भरत होते.

सुतारांत ती जुनी रीत आहे. बारीक भुसा रक्त शोषतो आणि धार थांबते. लाकूड कोरायची पटाशी लागून झालेल्या छोट्या जखमेला ते चालतही असेल. पण तो भुसा माणसं ज्यावरून चालतात त्याच जमिनीवरचा होता. वसतिगृहात आम्हाला प्रथमोपचार शिकवले होते, त्यामुळे मला माहीत होतं. मी म्हणाले, "काका, तसं नको." किती हळू म्हणाले, ते मलाच माहीत. गणपतकाकांनी वरही पाहिलं नाही. "सरक, पोरी."

टांग्यातून दवाखान्यात नेलं. तिथं आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते देण्याआधी कातडीत थोडंसं औषध टोचून अर्धा तास थांबतात, कारण काहींच्या अंगाला ते सोसत नाही. मग एक्स-रे. मग लघवीतली साखर पाहिली, कारण साखर असली तर जखम भरत नाही. साखर नव्हती. जखम धुताना शिकाऊ डॉक्टर चिमट्यानं भुसा काढत होता, आणि तो काही सगळा निघाला नाही. "कोणी भरलं हे?" त्यानं विचारलं. गणपतकाका टोपी हातात घेऊन भिंतीकडे पाहत राहिले.

पुढचे दिवस दर सहा तासांनी पेनिसिलीन. सिस्टर पितळी डब्यात सुया उकळून आणायच्या. वैशाखाचं ऊन होतं. वॉर्डात चाळीस खाटा आणि त्याहून कितीतरी जास्त माश्या. मी पुठ्ठ्यानं बाबांच्या पायावर वारा घालत बसायचे. आई आवारात तीन विटांवर भाकरी करायची. भेटायला येणारे सगळे एकच बोलायचे: करंटच्या नादी कशाला लागले. शेजारच्या खाटेवरचा बाळापूरचा एक म्हातारा म्हणाला, "मशीनले पाय देल्ला, आता मशीन पाय घेऊन जाते." मला त्याच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटला. बाबा मात्र हसले. दवाखान्यातल्या त्या दिवसांत ते तेव्हाच हसले.

आता पुन्हा चौथ्या दिवसाकडे. पाऊल जाईल, हे मला माहीत होतं आणि घरात आणखी कुणाला नव्हतं. पाऊल गेलं तर बाबा जमिनीवर उकिडवे बसू शकणार नव्हते, लाकूड धरू शकणार नव्हते. मिस्तरी म्हणून ते संपले असते. ही बातमी मी दिवसभर पोटात ठेवून वारा घालत होते. संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले आणि पुन्हा इंग्रजीत सुरू झाले, पाय घोट्यापासून कापायचा की वरून. तेव्हा मी बोलले. इंग्रजीतच. म्हणाले, "हे माझे वडील आहेत. पाऊल त्यांचं आहे. काय कापणार, ते त्यांना सांगा."

सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहू लागला. डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं, बाहेर काढतील. ते मराठीत म्हणाले, "बाई, चार दिवस तुम्ही इथं उभ्या आहात. विचारलं असतं तर मराठीतही सांगितलं असतं."

मला ते फार लागलं. त्यांचं अर्धं खरं होतं. अर्धं नव्हतं, कारण रुग्णानं विचारल्याशिवाय त्याच्या पायाबद्दल त्याला सांगायचं नाही, हा कुठला न्याय? पण ते खाटेवर बसले आणि बाबांना नीट सांगितलं. सडलेला भाग काळा पडत वर सरकतो आहे. उद्या सकाळपर्यंत तो थांबला तर बोटांवर भागेल. सरकला तर पाऊल काढावं लागेल, नाहीतर जीव जाईल. त्यांनी जांभळ्या शाईनं बाबांच्या पायावर एक रेघ काढली. "ही रेघ ओलांडली तर मला बोलवा."

ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "तुले सकाळीच समजलं होतं?"

मी हो म्हणाले.

"काहून नाई सांगतलं?"

तेव्हा मी माझ्या लाजेचंही सांगितलं आणि तीन पानांचंही सांगितलं. मला वाटलं होतं ते चकित होतील. ते छताकडे पाहत म्हणाले, "मले इंग्रजी येत नाई. पण पानं मोजता येतात. तीन पानं तू एकसाथ पलटली. मी पायलं."

"मग बोलला का नाही?"

"आठ जनाइसमोर पोरीले काय म्हनू, खोटं वाचून राह्यली? अन् मलेबी घाई होती." मग ते भिंतीकडे वळले. आमच्या दोघांचा राग सारखाच होता, एकाच गोष्टीचा, वेळेवर न बोलल्याचा, आणि दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

काळा रंग रेघेच्या दोन बोटं अलीकडे थांबला. पाचव्या दिवशी अंगठा आणि दोन बोटं काढली. पाऊल राहिलं. ज्या सिस्टरनी दर तासाला येऊन ती रेघ पाहिली, त्यांचं नाव मी विचारलं नाही, ह्याची मला लाज वाटते. त्या डॉक्टरांचेही मी आभार मानते, पण माझी तक्रार मागे घेत नाही.

जखम भरायला अडीच महिने लागले. दवाखान्यानं दिलेल्या कुबडीचा सांधा बाबांनी पहिल्याच दिवशी उलटसुलट करून पाहिला. "हे कोन्या गाढवानं जोडलं?" ते म्हणाले. त्या दिवशी आईनं पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर एवढं करा. जखमेत भुसा, हळद, चुना, काहीही भरू नका. धुतलेलं फडकं घट्ट दाबून धरा, पाय उंच ठेवा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं स्वतः विचारा. डॉक्टर तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलले, तर थांबवा. आणि घरात ज्याला वाचता येतं, त्यानं लाजू नये. लाजायला माझ्याइतकं कारण कुणाला नसेल, आणि त्याची किंमत मी भरलेली नाही, बाबांनी भरली आहे.

अंगठ्याशिवाय पायानं लाकूड धरता येत नाही. श्रावणात बाबांनी कंबरेइतकं उंच टेबल बनवलं, बाभळीचे जाड पाय असलेलं, आणि त्याला लोखंडी शिकंजे बसवले. गणपतकाका म्हणाले, "आता काय, हापिसातले साहेब झालो आपन. उभ्यानं सुतारकी!" दोघांत ती भुशाची गोष्ट कधी निघाली नाही. पण टेबलाचं सगळं रंधाकाम गणपतकाकांनी स्वतःच्या हातानं, जुन्या रंध्यानं केलं होतं. मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. त्यांनाही ते माहीत असावं.

मग बाबांनी मला बोलावलं आणि ती पुस्तिका माझ्या हातात दिली. "वाच. सगळं."

मी तिन्ही पानं वाचली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, ह्यात एक गोष्ट कुठेच नाही. लाकूड पायानं धरू नका, असं नाही लिहिलेलं. लिहिणाऱ्याला माहीतच नसेल, की कुणी असं धरतं."

"मंग लिव ना ते," बाबा म्हणाले, आणि कानामागची जाड पेन्सिल काढून दिली.

मी टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहू लागले. मागे एकानं फळी शिकंज्यात आवळून यंत्र सुरू केलं होतं. लिहून झालं तसं गणपतकाकांनी विचारलं, "काय लिवलं, पोरी?" त्यांना वाचता येत नाही.

मी वाचलं. यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. बाबांनी हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. बटण सुटलं तरी पाती फिरतच होती. कुणी हललं नाही. आवाज बारीक होत होत पूर्ण थांबेपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो.

मग मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.